टीबी बरा झाला, दम मात्र राहिला

महोदय,

क्षयरोगाचे किती रुग्ण सापडले आणि किती बरे झाले, याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. बऱ्या झालेल्यांचे पुढे काय होते, ते मात्र क्वचितच छापून येते. इचलकरंजीत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना मला नेमकी हीच माणसे भेटतात. सहा महिने गोळ्या नेमाने घेतलेल्या असतात, थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह असतो, कागदावर ‘बरा झाला’ असा शेराही पडलेला असतो. तरी पहिल्या मजल्यावर चढताना कठडा धरून थांबावे लागते. मागावर पाळी करणारा कामगार पुन्हा मागावर उभा राहू शकत नाही. बायका सांगतात, केस विंचरायला हात वर केला तरी धाप लागते. दवाखान्यात उत्तर मिळते, ‘आता टीबी नाही.’ घरी सल्ला मिळतो, ‘आराम कर.’

जंतू मेले तरी त्यांनी केलेली पडझड फुप्फुसात राहते. काही भाग आकसतो, काही ठिकाणी श्वासनलिका रुंदावून कफ साचतो. व्यायामाने हे व्रण जात नाहीत, हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. पण दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून मांड्या-पोटऱ्या झडतात, आणि अशक्त स्नायूंमुळे तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो. हे चक्र देखरेखीखालच्या व्यायामाने नक्की तोडता येते; या उपचाराला फुप्फुसांचे पुनर्वसन (पल्मनरी रिहॅबिलिटेशन) म्हणतात. पायांत ताकद आली की तेच अंतर चालायला कमी श्वास पुरतो.

सुरुवातीची तपासणी अगदी साधी आहे. व्हरांड्यात ३० मीटर अंतरावर दोन खुर्च्या ठेवायच्या आणि सहा मिनिटांत जमतील तेवढ्या फेऱ्या मारायला सांगायचे. धावायचे नाही. दम लागला तर भिंतीला टेकून थांबायचे, घड्याळ मात्र चालू राहते. बोटाला ऑक्सिमीटर असतो. कित्येक जण मधेच गुडघ्यांवर हात टेकून वाकतात, खांदे कानांपर्यंत चढतात. मग ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवायचे: समोर दिवा आहे असे समजा, ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये. पुढे सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून किमान दोनदा देखरेखीखाली चालणे, खुर्चीवरून ऊठबस, पायरी चढणे-उतरणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. उरलेल्या दिवशी घरी थोडे थोडे. कोविडच्या काळात घरोघरी आलेले तीन बॉलचे श्वास ओढायचे यंत्र घेऊन बसणे म्हणजे हा उपचार नव्हे. खरे काम पायांचे आहे.

सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होऊन कायम दम लागण्याच्या आजाराच्या) रुग्णांवरील ६५ चाचण्या एकत्र तपासणारा, कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधक संस्थेचा आढावा २०१५ मध्ये आला आणि या उपचाराच्या उपयोगाबद्दल वाद उरला नाही. कोविडसाठी रुग्णालयात राहून घरी आल्यावर तीन महिने उलटूनही त्रास राहिलेल्या ५८५ जणांवर ब्रिटनमध्ये ‘रीगेन’ चाचणी झाली. आठ आठवड्यांच्या ऑनलाइन व्यायामवर्गांनी त्यांचे जगणे सुधारल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयरोगानंतरच्या रुग्णांवरचे अभ्यास तुलनेने लहान आहेत, पण त्यांची दिशा हीच आहे.

आपल्या क्षयरोग कार्यक्रमात उपचार संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी रुग्णाला पुन्हा तपासण्याची तरतूद आहे. ही तपासणी रोग उलटला का, एवढेच पाहते. त्याच भेटींत सहा मिनिटांची चालही घ्यावी आणि दम लागणाऱ्याला जिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी द्यावी, अशी माझी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे. पहिली तपासणी तर उपचार संपण्याच्या दिवशीच व्हावी. सहा महिने वाट पाहिली तर तोवर रोजगार गेलेला असतो. खर्च म्हणाल तर जागा, घड्याळ, ऑक्सिमीटर आणि शिकवणारे माणूस. क्षयरुग्णांना आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे सरकारी पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये झाले, हे चांगलेच झाले. पण ते उपचारांबरोबर संपतात, आणि झडलेले स्नायू भरून यायला डाळ, अंडी नेमकी तेव्हाच हवी असतात. व्यायामाचे आठ आठवडे तरी ही मदत चालू ठेवावी.

वाचकांपैकी कोणी हा त्रास काढत असेल तर त्यांनी पुढच्या तपासणीला ‘मला चालताना दम लागतो’ हे स्वतःहून सांगावे आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी मागावी. थुंकीतून रक्त पडत असेल, ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवावे. कोविडनंतर ज्यांना थोड्या श्रमानेही दुसऱ्या दिवशी अंथरुण धरावे लागते, त्यांनी मात्र नेट लावून व्यायाम वाढवू नये. त्यांचा त्रास वेगळा आहे आणि जबरदस्तीने तो बळावतो.

– एक फिजिओथेरपिस्ट, इचलकरंजी