पाण्याची रासायनिक तपासणी उद्योग पाहून व्हावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाईपलाईनने कोल्हापूर शहरात आले आणि तेव्हापासून पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चा शहरापुरती तरी बरीच थंडावली. नदीच्या खालच्या अंगाच्या गावांना आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींच्या आसपास विहिरी-बोअरचे पाणी पिणाऱ्यांना मात्र हा प्रश्न बाजूला ठेवण्याची सोय नाही.

पाण्याची तपासणी होतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गावोगावचे जलसुरक्षक नळाच्या पाण्यात ओटीचे (क्लोरिन ओळखणाऱ्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे) थेंब टाकून पिवळा रंग येतो की नाही ते पाहतात, टीसीएल पावडरचा (पाणी निर्जंतुक करणाऱ्या ब्लीचिंग पावडरचा) साठा तपासला जातो, अणुजैविक तपासणीसाठी नमुने प्रयोगशाळेत जातात आणि सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. २०१२ मधील इचलकरंजीची काविळीची साथ ज्यांना आठवते, ते या कामाला कमी लेखणार नाहीत. परंतु ही सारी धडपड मुख्यतः जंतूंसाठी आहे. शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांच्यापुढे टीसीएलचे काही चालत नाही आणि पाणी उकळून प्यायले तरी धातू पाण्यातच राहतात. पाणी आटेल तसे त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच.

पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून लिटरमागे मिलिग्रॅममध्ये एकच आकडा दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवरचा विश्वासही असाच अस्थानी आहे. विक्रेता मीटर पाण्यात बुडवून १५० चा आकडा दाखवतो आणि गिऱ्हाईक निर्धास्त होऊन जार उचलते. आयएस १०५०० या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३ आणि पाऱ्याची ०.००१ मिलिग्रॅम आहे. शिसे मर्यादेच्या दहापट झाले तरी ते ०.१ मिलिग्रॅमच भरते. दीडशेच्या आकड्यात ते त्या मीटरला दिसणार कसे?

म्हणून तपासणीची यादी परिसरातील उद्योग पाहून ठरवावी, अशी माझी सूचना आहे. फौंड्रीचे, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याचे, उदाहरण घेऊ. साचे घट्ट बसावेत म्हणून वाळूत अनेक ठिकाणी फिनॉलयुक्त रेझिन मिसळतात. वापरून काळी पडलेली ही वाळू भराव म्हणून एखाद्या खड्ड्यात ओतली, तर पावसाचे पाणी तिच्यातून झिरपत जवळच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. मानकाने फिनॉलची मर्यादा ०.००१ मिलिग्रॅम इतकी कडक ठेवली आहे. शिवाय फिनॉलचा क्लोरिनशी संयोग झाला की पाण्याला औषधासारखा उग्र वास येतो आणि आपण ‘आज टीसीएल जास्त पडली वाटतं’ म्हणून विषय सोडून देतो. क्रोम प्लेटिंग चालते तेथे क्रोमियम व निकेल, चांदीच्या मुलाम्याचे काम चालते तेथे सायनाइड, कापडावर प्रक्रिया होते तेथे रंगांतून येणारे धातू, असा शोध घ्यावा लागेल. याच क्रोम प्लेटिंगमध्ये आणि कापडाच्या जलरोधक लेपांत पीएफएएस वर्गातील, निसर्गात सहजी न विघटणारी रसायनेही वापरली गेली आहेत. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये त्यांतील पीएफओए आणि पीएफओएस या दोन रसायनांना लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. आपल्या २०१२ च्या मानकात त्यांचा उल्लेख नाही. तो होईल तेव्हा होवो, निदान मानकात जे आहे ते तरी मोजले जावे.

नमुना कधी आणि कसा घेतला, यावर बरेच काही अवलंबून असते. भर पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहत असताना घेतलेला नमुना चांगलाच येणार. एप्रिल-मे मध्ये बंधाऱ्यांमागे पाणी साचून राहते तेव्हा, आणि पहिल्या जोरदार पावसाने नाल्यांतील साठलेली घाण नदीत येते तेव्हा, असे दोन नमुने वर्षात घेतलेच पाहिजेत. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालावे लागते, अन्यथा धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि अहवाल खोटाच चांगला येतो. सायनाइडच्या नमुन्यात उलट सोडियम हायड्रॉक्साइड लागते आणि फिनॉलसाठी काचेची बाटली. पाण्याची रिकामी बाटली विसळून भरून नेली की काम झाले, असे येथे चालत नाही.

प्रदूषण नियंत्रण मंडळ सांडपाणी आणि नदी पाहते, पिण्याचे पाणी महापालिका व जिल्हा परिषद पाहतात आणि कारखान्याजवळची बोअर या दोहोंच्या मध्ये पडते. जिल्हाधिकाऱ्यांनी या यंत्रणांना एकत्र बसवून नमुन्यांची ठिकाणे एकदा कायमची निश्चित करावीत. अहवालावर ‘पिण्यास योग्य’ असा नुसता शिक्का न मारता प्रत्येक घटकाचा आकडा द्यावा आणि त्याच्याशेजारी प्रयोगशाळेची मोजण्याची किमान क्षमताही छापावी. जी पद्धत ०.०५ मिलिग्रॅमच्या खालचे शिसे मोजूच शकत नाही, तिच्या ‘आढळले नाही’ या शेऱ्यावर कोणी कसे विसंबावे? उन्हाळ्याचा आणि पहिल्या पावसाचा असे दोन्ही अहवाल १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावेत आणि मर्यादा ओलांडली गेली असेल तेथे पर्यायी पाणी कोठून व कोणाच्या खर्चाने मिळणार, हे त्याच सभेत नोंदवावे.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर