किनारा कोणाच्या बापाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यटकाची गाडी वाळूत रुतून भरतीच्या पाण्यात सापडल्याची बातमी कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावरून दर मोसमात एक-दोनदा तरी येते, आणि वाचक ती गंमत म्हणून वाचून पान उलटतो. दापोली तालुक्यात समुद्रालगत राहणारा एक निवृत्त शिक्षक या नात्याने मला याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण रुतलेली गाडी हा या प्रश्नाचा सर्वांत किरकोळ भाग आहे. न रुतता सुखरूप परत जाणाऱ्या गाड्याच अधिक नुकसान करून जातात, पण त्यांची बातमी होत नाही.

ओहोटीला पाण्यालगतची ओली वाळू इतकी टणक असते की नवख्या चालकाला ती रस्त्याहून बरी वाटते. फेसाच्या कडेने दोन-तीन फेऱ्या होतात, चित्रीकरण होते आणि परत वळताना गाडी वरच्या कोरड्या, भुसभुशीत पुळणीत शिरते. चाक जागच्या जागी फिरू लागले की चालक अधिक जोर लावतो आणि स्वतःच्या हाताने खड्डा खणतो. सुकती संपून भरती लागली की आमच्यासारख्या सपाट किनाऱ्यावर पाणी बघता बघता आत सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर विचारायलाच नको. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, ही गोष्ट इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु ती वेळ त्याला विचारण्याचे सौजन्य क्वचितच कोणी दाखवतो.

गेल्या हिवाळ्यात अशीच एक गाडी काढण्यासाठी ट्रॅक्टर आणावा लागला. दोरखंडाने पुढचा बंपर उखडला, पाणी दारापर्यंत आले, आणि गाडी वर आल्यानंतर मजुरीवरून हुज्जत सुरू झाली. 'मुळात वाळूवर आणलीच कशाला?' असे कोणीतरी म्हणताच त्या गृहस्थांनी विचारले, 'बीच काय तुमच्या बापाचा आहे?' ट्रॅक्टरवाला शांतपणे म्हणाला, 'बापाचा नाय, पण निस्तरायचं आमालाच.'

त्या गृहस्थांचा प्रश्न उद्धट असला तरी निरर्थक नाही. किनारा खरोखरच कोणाच्या बापाचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात 1996 साली स्पष्ट केले आहे की समुद्रकिनारा, वाहते पाणी, जंगल यांसारख्या संपत्तीचे सरकार हे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. पण सर्वांचा म्हणजे हवे ते करायला मोकळा, हा अर्थ त्यातून निघत नाही. उलट विश्वस्ताला हयगय करण्याची मुभा नाही, असा तो निघतो. 'वाळूवर कुठला वाहतुकीचा कायदा?' हा युक्तिवादही टिकणारा नाही. मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक जागेची व्याख्या केवळ रस्त्यापुरती मर्यादित नसून जनतेला जिथे प्रवेशाचा हक्क आहे अशी कोणतीही जागा तीत येते, आणि लोकांच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने गाडी हाकणे त्याच कायद्याच्या कलम 184 खाली गुन्हा आहे. जिथे लहान मुले किल्ले करत बसलेली असतात, तिथे भरधाव गाडी गरागरा फिरवणे यात बसत नसेल, तर दुसरे काय बसेल?

आता न रुतणाऱ्या गाड्यांविषयी. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वेळास, आंजर्ले, केळशी यांसारख्या किनाऱ्यांवर येतात आणि भरतीरेषेच्या वर हात-दीड हात खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये वेळासला संरक्षणाचे काम हाती घेतल्यापासून गावोगावच्या कासवमित्रांनी पहाटे उठून ही घरटी शोधली, कुंपणात हलवली आणि पिल्ले समुद्रात सोडली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेल्या, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसणाऱ्या या प्राण्याचे घरटे पहाटे कोणाच्या नजरेस पडण्याआधीच त्यावरून चाक गेले, तर वाळू दबते आणि पुढे काय झाले हे कोणालाच कळत नाही. गाडीच्या चाकोरीत पडलेले पिल्लू तिच्यातून सहजी बाहेर येऊ शकत नाही. हेडलाइटचा झोत दिसला की अंडी घालायला आलेली मादी माघारी फिरते. याच महिन्यांत, विशेषतः नाताळ आणि वर्षअखेरीस, आमच्याकडे गाड्यांची सर्वाधिक गर्दी असते, हा योगायोग फार महागात पडणारा आहे.

प्रशासन काहीच करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुर्घटना घडल्या की मनाई आदेश निघतात. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूड-जंजिऱ्याला पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले, त्यानंतर जीवरक्षकांची आणि सूचना फलकांची चर्चाही पुष्कळ झाली. परंतु ज्या कलमाखाली असे प्रतिबंधात्मक आदेश काढले जातात (पूर्वीचे 144, आता नागरिक सुरक्षा संहितेचे 163), त्याखालील आदेश राज्य शासनाने मुद्दाम मुदत वाढवल्याखेरीज दोन महिन्यांपेक्षा अधिक काळ लागू राहत नाही. मोसम मात्र ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत चालतो. गोव्याने 2019 मध्ये पर्यटनस्थळांविषयीच्या स्वतःच्या कायद्यातच दुरुस्ती करून उघड्यावर मद्यपान आणि स्वयंपाक करण्याला दंड लावला. तिथल्या अंमलबजावणीविषयी मतभेद असू शकतात, पण निदान नियम कायमचा आहे आणि तो सर्वांना ठाऊक आहे.

दोष केवळ पाहुण्यांच्या माथी मारण्याचीही माझी इच्छा नाही. पूर्वी गावाची पाठ समुद्राकडे असे. घराची तोंडे आळीच्या रस्त्याकडे आणि मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. पुळण म्हणजे जाळी सुकवण्याची, होड्या ओढून ठेवण्याची आणि, खरे सांगायचे तर, सकाळी टमरेल घेऊन जाण्याची जागा होती. ती जागा पैसे देते हे कळल्यावर सुरूच्या बनातून वाळूपर्यंत गाडीवाटा काढल्या त्या आमच्यातल्याच काहींनी. 'गाडी थेट बीचवर न्या, काही होत नाही,' असे पाहुण्याला सांगणारा खोलीमालकही आमच्याच गावचा असतो, आणि चारचाकी वाळूबाइक भाड्याने देणाराही. गावाचे तोंड आता समुद्राकडे वळले आहे, पण शिस्त अजून वळलेली नाही.

2025 मध्ये गुहागर, लाडघर, श्रीवर्धन, नागाव आणि डहाणूजवळचा पर्णका या पाच किनाऱ्यांना 'ब्ल्यू फ्लॅग' हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले, याचा आनंद आहेच. त्याच्या 33 निकषांत वाळूवर अनधिकृत वाहने नसावीत, हाही एक आहे. मात्र स्वच्छता आणि शोभेच्या नावाखाली सुकत घातलेली मासळी, जाळी आणि होड्या हटवण्याची भाषा कुठे सुरू झाली, तर तो अन्याय ठरेल. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला मोकळी पुळण लागते. ती पर्यटकांच्या छत्र्यांना दिली, तर तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासे मारणाऱ्याने जायचे कुठे? गाडीला बंदी आणि होडीला जागा, यात मला कुठलीच विसंगती दिसत नाही.

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. वाळूवर उतरणाऱ्या वाटा प्रत्येक गावात मोजक्या असतात, आणि त्या गावाला पाठ असतात. त्यांच्या तोंडाशी जांभ्याचे खांब असे पुरावेत की माणूस, बैलगाडी आणि होडी नेणारा हातगाडा जाईल, पण मोटार जाणार नाही. रुग्णवाहिकेसाठी एका वाटेवर कुलूपबंद अडसर ठेवावा आणि त्याची किल्ली पोलीस पाटलाकडे द्यावी. वाहनतळ आळीच्या अलीकडे करून त्याचे शुल्क ग्रामपंचायतीकडे जावे आणि त्यातून जीवरक्षकाचा पगार निघावा. त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ तिथे खडूने फळ्यावर लिहिली तरी पुरे. राज्य शासनाने दर दोन महिन्यांनी संपणाऱ्या आदेशांऐवजी दंडाचा कायमस्वरूपी नियम करावा आणि तो बजावण्याचा अधिकार ग्रामपंचायतीलाही द्यावा. यंदाचा कासवांचा हंगाम सुरू होण्याआधी निदान आंजर्ले आणि केळशीच्या वाटांवर तरी खांब उभे राहावेत, एवढी विनंती आपल्या स्तंभातून जिल्हाधिकारी महोदयांपर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक वाचक, दापोली