डॉन ठळक, तपास पुसट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत एस. हुसेन झैदी यांच्या मुंबईतील टोळ्यांवरील पुस्तकांविषयी आलेला लेख वाचला. लेखकाने वर्षानुवर्षे गुन्हेगारी वार्तांकन करून जमवलेल्या माहितीचे जे कौतुक लेखात आहे, त्याच्याशी मी सहमत आहे. मात्र ही पुस्तके वाचली की पोलीस तपास कसा चालतो ते समजते, असा जो सूर लेखात आहे, तो मला पटला नाही. माझी सारी नोकरी सत्र न्यायालयात कारकून म्हणून गेली आणि टोळ्यांचे कितीतरी खटले मी रोजनामा (सुनावणीची दैनंदिन नोंद) लिहिता लिहिता ऐकले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, लेखातले म्हणणे झैदी यांच्या एका पुस्तकाला तंतोतंत लागू पडते, बाकीच्यांना फारसे नाही.

ते एक पुस्तक म्हणजे २००२ साली आलेले ‘ब्लॅक फ्रायडे’. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत लागोपाठ बारा स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या प्रकरणाचा पहिला धागा मात्र अगदी साध्या गोष्टीतून मिळाला. वरळीला रस्त्यात सोडून दिलेल्या एका मारुती व्हॅनमध्ये रायफली आणि हातबॉम्ब सापडले. नोंदणीवरून ती गाडी कटातील प्रमुख आरोपी टायगर मेमन याच्या कुटुंबातील एका स्त्रीच्या नावावर निघाली आणि पोलीस त्यांच्या माहीमच्या अल हुसैनी इमारतीतील घरी पोहोचले. घर बंद होते, माणसे परदेशी निघून गेली होती; झडतीत एका स्कूटरची किल्ली तेवढी मिळाली. पुढे दादर-नायगाव भागात स्फोट न होता उभी राहिलेली, स्फोटकांनी भरलेली स्कूटर सापडली, तिच्या कुलपाला ती किल्ली लागली. तपास म्हणतात तो हा. यात कोणी कोणावर गोळी झाडत नाही. कोणीतरी गाडीचा नंबर नीट उतरवून घेतो, कोणीतरी किल्ली पंचांसमक्ष, म्हणजे स्वतंत्र साक्षीदारांदेखत, पाकिटात घालून सील करतो, एवढेच.

ते सील म्हणजे काय, हे न्यायालयात बसल्याखेरीज कळत नाही. खाकी कागदाचे पाकीट, त्यावर सुतळी, गाठीवर लाख, आणि आत पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. दहा वर्षांनी ते पाकीट पंचाच्या हातात दिले जाते आणि आरोपीचे वकील शांतपणे विचारतात की सही आपलीच ना, आणि ती केली तेव्हा पाकीट उघडे होते की बंद. पंच क्षणभर थबकतो, न्यायाधीश साहेबांकडे पाहतो, आणि तेवढ्या एका क्षणात कोणाची तरी वर्षभराची मेहनत पाण्यात जाते. पंच फितूर झाल्यामुळे, किंवा सी. ए. रिपोर्टमधले (सरकारी रासायनिक विश्लेषकाच्या अहवालातले) सीलचे वर्णन पंचनाम्याशी न जुळल्यामुळे नामचीन आरोपी सुटताना मी पाहिले आहेत. असे प्रसंग या पुस्तकांत क्वचितच येतात.

‘ब्लॅक फ्रायडे’विषयीही एक हरकत नोंदवतो. नोव्हेंबर १९९३ मध्ये १८९ आरोपींविरुद्ध दहा हजारांहून अधिक पानांचे आरोपपत्र दाखल झाले; आर्थर रोड तुरुंगातील टाडा (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयाने निकाल द्यायला सुरुवात केली ती सप्टेंबर २००६ मध्ये. पुस्तक आले ते मधल्या काळात, खटला चालू असताना. साध्या कायद्यानुसार पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. टाडाखाली मात्र अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला चालत असे, आणि असे जबाब पुढे नाकारणारे आरोपीही कमी नव्हते. निकालाआधी तोच घटनाक्रम गोष्टीच्या ओघात, घडून गेलेले सत्य म्हणून वाचकापुढे येणे योग्य होते का? या पुस्तकावरील चित्रपटाचे प्रदर्शन मुंबई उच्च न्यायालयाने रोखले आणि तो २००७ मध्येच पडद्यावर आला, याचे कारण हेच.

‘डोंगरी टू दुबई’ २०१२ साली आले. सहा दशकांचा पट मांडणाऱ्या त्या पुस्तकात हाजी मस्तान, करीम लाला, वरदराजन हे जुने डॉन आणि पोलीस खात्यातल्या हेड कॉन्स्टेबलच्या घरी जन्मलेला दाऊद, ही माणसे ठसठशीत उभी राहतात. पोलीस मात्र बहुधा पिस्तूल घेऊनच येतात. गुंड मन्या सुर्वे ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात पोलीस चकमकीत मारला गेला. लोखंडवाला संकुलात १६ नोव्हेंबर १९९१ रोजी कित्येक तास गोळीबार चालून सात जण मेले. या घटना रंगवून सांगण्यासारख्या आहेत हे खरेच. (सुर्वे मेला त्यानंतर आठवडाभरात, १८ जानेवारीला, गिरणी संप सुरू झाला. टोळ्यांना पोरे कुठून मिळाली, याचा विचार आम्हा परळकरांना या दोन तारखा शेजारी ठेवूनच करावा लागतो.) पण चकमकीत आरोपीच उरत नाही, मग पुरावा तपासणार कोण? २००६ मधील वर्सोव्याच्या चकमकीचा खटला उभा राहिला आणि २०१३ मध्ये पोलिसांनाच जन्मठेप झाली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने चकमकीतील प्रत्येक मृत्यूबाबत गुन्हा नोंदवून स्वतंत्र चौकशी करण्याचे बंधन घातले.

उलट उदाहरणही त्याच २०१२ सालचे आहे. दगडी चाळीच्या अरुण गवळीला त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका नगरसेवकाच्या खुनाबद्दल मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयाने जन्मठेप दिली. एवढ्या वर्षांत जे बंदुकीने झाले नाही, ते साक्षी, जबाब आणि वरिष्ठांची रीतसर मंजुरी यांनी बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याने केले. हा गठ्ठा कसा तयार झाला, यावर कोणी पुस्तक लिहिले तर मी रांगेत उभा राहून विकत घेईन.

लेखकाला दोष देताना हात आखडतो, कारण हे काम जिवावरचे आहे. खबऱ्यांच्या दुनियेवर लिहिणारे पत्रकार ज्योतिर्मय डे यांची ११ जून २०११ रोजी पवईत भरदिवसा हत्या झाली. म्हणूनच माझी तक्रार झैदी यांच्यापेक्षा परीक्षणकारांकडे अधिक आहे. बंद खोलीत दोघांत झालेला, आणि ज्यातले दोघेही आता हयात नाहीत असा संवाद पुस्तकात अवतरणचिन्हांत छापलेला असेल, तर तो कोणी ऐकला, हे परीक्षणकाराने विचारायला नको का? आमच्याकडे साक्षीदाराला पहिला प्रश्न तोच असतो.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख येणार असेल, तर तो एखाद्या निवृत्त तपास अधिकाऱ्याकडून किंवा सरकारी वकिलाकडून लिहून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, परळ, मुंबई