डेस्कटॉप विंडोत एचटीएमएल दाखवण्याविषयी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. प्रयोगशाळेतील नोंदी सांभाळणारे जे डेस्कटॉप ॲप्लिकेशन तू सी शार्पमध्ये लिहितो आहेस, त्याच्या एका विंडोत एचटीएमएल (वेबपाने लिहिण्याची खुणांची भाषा) स्वरूपातला मजकूर दाखवायचा आहे आणि त्यासाठी कोणता कंट्रोल, म्हणजे विंडोत बसवायचा तयार घटक, घ्यावा, असे तू विचारले आहेस. कंट्रोलचे नाव एका ओळीत सांगता आले असते, परंतु ज्या चुका करण्यात माझे कितीतरी दिवस गेले त्या तुझ्या वाट्याला येऊ नयेत असे मनापासून वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

कंट्रोल निवडण्याआधी ते मार्कअप, म्हणजे टॅग या खुणा घातलेला मजकूर, कोणी लिहिले आहे, हे ठरव. तुझ्या विंडोत तीन प्रकारचा मजकूर येणार आहे: ॲप्लिकेशनने स्वतः तयार केलेला अहवाल, वापरणाऱ्याने टाइप केलेले टिपण आणि बाहेरून ईमेलने आलेली फाइल. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतील, पण पहिला प्रकार हा तुझाच दस्तऐवज आहे, दुसरा निव्वळ मजकूर आहे, आणि तिसरा अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅमही असू शकतो. पुढचे बहुतेक निर्णय या भेदातूनच निघतात, आणि हा भेद न करता तिघांनाही एकाच दाराने आत घेणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे, असे माझे ठाम मत आहे.

टिपणांपासून सुरुवात करतो, कारण तेथे मी स्वतः फसलो होतो. माझ्या पहिल्या ॲप्लिकेशनमध्ये वापरणाऱ्याचा मजकूर मी जसाच्या तसा एचटीएमएलच्या साच्यात जोडत असे. चाचणी घेताना ‘पेक्षा कमी’ या चिन्हापुढे मी नेहमी आकडा लिहिला आणि तो व्यवस्थित दिसला, त्यामुळे सारे ठीक आहे अशी माझी समजूत झाली. पुढे एका वापरणाऱ्याने त्याच चिन्हाला लागून रोमन अक्षर लिहिले आणि तेथून पुढचे अर्धे वाक्य पडद्यावरून नाहीसे झाले. त्या चिन्हाच्या लगेच पुढे रोमन अक्षर आले तर पार्सर, म्हणजे एचटीएमएल वाचून त्याचा अर्थ लावणारा भाग, त्याला टॅगची सुरुवात मानतो. आकडा, मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षर आले तर तो ते चिन्ह साधा मजकूर म्हणून दाखवतो. चाचणीतून निसटून नेमके कामाच्या वेळी पुढे यावे, असाच हा दोष आहे. त्यावरचा उपाय सोपा आहे. टिपण साच्यात घालण्यापूर्वी डॉटनेटच्या वेबयुटिलिटी वर्गातल्या एचटीएमएलएनकोड या पद्धतीतून ते जाऊ दे; ती अशा चिन्हांच्या जागी त्यांची सांकेतिक नावे घालते. हे रूपांतर हाताने लिहायचे झाले तर ॲम्परसँडचे (&) रूपांतर सर्वांत आधी कर, नाहीतर इतर चिन्हांसाठी तू नुकतेच जोडलेले ॲम्परसँड पुन्हा रूपांतरित होतील आणि वापरणाऱ्याला चिन्हाच्या जागी त्याचे सांकेतिक नाव दिसेल.

याची उलट बाजूही आहे. काही कंट्रोल न विचारता मजकुराला मार्कअप समजतात. जावा भाषेच्या स्विंग या विंडो बनवण्याच्या संचातल्या जेलेबलला दिलेला मजकूर एचटीएमएल टॅगने सुरू झाला की ते लेबल तो मजकूर रेंडर करू लागते, म्हणजे वेबपानासारखा मांडून दाखवते, आणि क्यूटी या तशाच दुसऱ्या संचातले क्यूलेबल मजकूर पाहून तो मार्कअप असावा की नसावा याचा स्वतःच अंदाज बांधते. म्हणून फाइलचे नाव, व्यक्तीचे नाव किंवा शेरा दाखवणाऱ्या लेबलांना ‘हा साधा मजकूर आहे’ असे स्पष्ट सांगून ठेवावे लागते. पुढे हे ॲप्लिकेशन दुसऱ्या साधनांत लिहिण्याचा तुझा विचार आहे, म्हणून हे आताच लक्षात आणून देतो.

आता तुझ्या स्वतःच्या अहवालांकडे येतो. शीर्षक, परिच्छेद, ठळक अक्षरे आणि एखादा तक्ता एवढेच दाखवायचे असेल, तर पूर्ण ब्राउझर इंजिन पोटात घेण्याची गरज नसते. स्विंगचे जेएडिटरपेन एचटीएमएल 3.2 इतकेच जाणते आणि क्यूटीचे क्यूटेक्स्टब्राउझर एचटीएमएल 4 चा काही भागच समजते, तरी मदतीची पाने दाखवायला ते पुरेसे ठरतात. ही मर्यादा मला गुण वाटते, कारण या दोघांकडे स्क्रिप्ट, म्हणजे पानात लिहिलेला प्रोग्रॅम, चालवणारे यंत्रच नाही. डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समधल्या रिचटेक्स्टबॉक्सवर मात्र विसंबू नकोस. त्याला आरटीएफ हे मजकुराचे वेगळे स्वरूप कळते, एचटीएमएल कळत नाही.

तुझ्या अहवालांत आलेख आहेत आणि मांडणी गुंतागुंतीची आहे, त्यामुळे तुला खरे इंजिन लागेल हे मला मान्य आहे. येथे जुना वेबब्राउझर कंट्रोल घेण्याचा मोह होईल, कारण तो टूलबॉक्समध्ये आयता मिळतो. तो घेऊ नकोस. त्याच्या आत इंटरनेट एक्सप्लोररचे इंजिन आहे आणि वेगळे काही सांगितले नाही, तर तो पान आवृत्ती 7 च्या नियमांनी दाखवतो, मग संगणकावर आवृत्ती 11 का असेना. विंडोजची सेटिंग साठवणाऱ्या रजिस्ट्रीतल्या ब्राउझर एम्युलेशनच्या नोंदीत आपल्या एक्झी फाइलचे, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलचे, नाव आणि 11001 हा आकडा लिहिला की तो नव्या नियमांवर येतो. ही नोंद मी केली होती, तरीही विकसनाच्या वेळी पान जुन्याच रूपात येई. पुष्कळ शोधल्यावर कळले, की व्हिज्युअल स्टुडिओच्या तेव्हाच्या आवृत्तीत डीबगरखाली, म्हणजे चुका शोधण्याच्या साधनाखाली, प्रोग्रॅम वेगळ्या नावाच्या एक्झीतून चालत असे आणि माझी नोंद मूळ नावाची होती. तो आठवडा मी विसरलेलो नाही. शिवाय 15 जून 2022 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 च्या बहुतेक आवृत्त्यांवर इंटरनेट एक्सप्लोरर 11 चा आधार काढून घेतला, तेव्हा नव्या कामाचा पाया त्याच्यावर घालण्यात अर्थ नाही.

तुझ्यासाठी योग्य कंट्रोल वेबव्ह्यू 2 हा आहे. त्यात एज ब्राउझरचे क्रोमियमवर आधारलेले इंजिन आहे आणि त्याचा रनटाइम, म्हणजे तो चालवायला लागणारा भाग, विंडोज 11 सोबतच येतो. मात्र त्याच्याही काही सवयी आहेत. कंट्रोल फॉर्मवर ठेवला म्हणजे इंजिन तयार झाले असे होत नाही. त्याची असिंक, म्हणजे मागे चालू राहणारी, सुरुवात पूर्ण होऊ दे आणि मगच पान दे. इंजिन आपल्या कामाच्या फाइली सहसा एक्झीशेजारीच ठेवू पाहते, त्यामुळे ॲप्लिकेशन प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसवले की लिहिण्याची परवानगी नसल्याने इंजिन सुरूच होत नाही. तुझ्या संगणकावर हे दिसणार नाही, वापरणाऱ्याच्या संगणकावर पहिल्याच दिवशी दिसेल; म्हणून त्या फाइलींचा फोल्डर वापरणाऱ्याच्या लोकल ॲपडेटामध्ये असावा असे आधीच सांगून ठेव. नेव्हिगेटटूस्ट्रिंग ही पद्धत सोयीची असली तरी तिला 2 एमबीची मर्यादा आहे आणि तिने दाखवलेल्या पानाला स्वतःचा पत्ता नसल्याने सापेक्ष मार्गाने जोडलेली चित्रे सापडत नाहीत. तुझ्या आलेखांसाठी एखादा स्थानिक फोल्डर आभासी होस्टनावाशी जोडण्याची सोय वापर, म्हणजे दोन्ही अडचणी मिटतील.

मराठी अक्षरांसाठी एक सूचना. युटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, आणि इंजिनाने फाइल पश्चिम युरोपीय एन्कोडिंगमधली मानली तर एकेका चिन्हाच्या जागी परकी चिन्हे उमटतात. एन्कोडिंग सांगणारा मेटा टॅग फाइलच्या पहिल्या 1024 बाइटांच्या आत यावा लागतो, म्हणून तो लांबलचक शैलीपत्रकाच्या आधी लिही.

राहिला तिसरा प्रकार, ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ईमेलने आलेली फाइल दाखवताना त्या विंडोपुरते स्क्रिप्ट बंद कर, आणि ते पान उघडण्यापूर्वी कर, कारण हा बदल पुढच्या नेव्हिगेशनपासून, म्हणजे पुढचे पान उघडण्यापासून, लागू होतो. तुझे सी शार्प ऑब्जेक्ट पानाला वापरू देण्याची सोय या विंडोत मुळीच ठेवू नकोस. नोंदी पुसणारी पद्धत त्या ऑब्जेक्टवर असली, तर ती बोलावण्याचा अधिकार तू एका परक्याला दिला असा त्याचा अर्थ होतो. बाहेरच्या सर्व्हरवरून येणारी चित्रेही अडव, कारण डोळ्यांना न दिसणारे एक पिक्सेलचे चित्र मागवले गेले तरी पत्र केव्हा उघडले आणि कोणत्या आयपी पत्त्यावरून, हे पाठवणाऱ्याला कळते. एखाद्या दुव्यावर क्लिक झाले तर नेव्हिगेशन सुरू होण्याच्या इव्हेंटमध्येच ते रद्द कर, आणि पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत असेल तरच तो वापरणाऱ्याच्या ब्राउझरकडे सोपव. नवी विंडो उघडण्याचा वेगळा इव्हेंट आहे, तोही हाताळ, नाहीतर तेच पान दुसऱ्या दाराने बाहेर पडेल. अशा फाइलींसाठी आणि तुझ्या अहवालांसाठी एकच विंडो सेटिंग बदलून वापरण्याचा बेत तू लिहिला आहेस, तो कृपया सोड. दोन वेगळे कंट्रोल ठेव, म्हणजे एखादे सेटिंग परत फिरवायचे राहून गेले असे कधी घडणार नाही.

छपाईत तक्त्याच्या ओळी पानाच्या सीमेवर तुटतात, असे तू शेवटी लिहिले आहेस. ओळींना सीएसएसचा, म्हणजे शैलीपत्रकाच्या भाषेचा, ब्रेक-इनसाइड हा गुणधर्म अव्हॉइड असा दे आणि शीर्षकाची ओळ टी-हेड टॅगमध्ये ठेव, म्हणजे ती प्रत्येक पानावर पुन्हा छापली जाईल. हे करून पाहा आणि तुझा सर्वांत लांब अहवाल कसा छापला गेला ते मला कळव.

तुझा,
मिलिंद