खुले पत्र: मंत्रीसाहेब, सहा रेघांवर आकडे लिहिले म्हणून मी चोर कशी?

मा. मंत्री महोदय,
(कॉपीराइटचा विषय ज्यांच्या खात्याकडे येतो ते)

स. न. वि. वि.

मी वेंगुर्ल्याला राहते, काजूच्या कारखान्यात हिशेब लिहिते आणि गेली बारा वर्षं गिटारच्या टॅब लिहून इंटरनेटवर ठेवते. गेल्या शुक्रवारी रात्री कामावरून आले, जेवणं झाली, भांडी घासली, साडेदहाला मोबाईल उघडला तर सर्व्हरवाल्यांचा इंग्रजीत मेल, की एका म्युझिक कंपनीच्या तक्रारीवरून तुमचा संग्रह बंद करण्यात आला आहे. तक्रारीत २१४ गाण्यांची नावं होती. बंद केला तो अख्खा संग्रह, साडेअकराशेच्या आसपास टॅब, चौतीस माणसांनी मिळून लिहिलेल्या. रात्रभर झोप नाही. नवरा म्हणाला उद्या बघू, पण उद्या काय बघणार, बघायला काही ठेवलंच नव्हतं.

टॅब म्हणजे काय हे तुमच्या ऑफिसात कुणाला माहीत नसेल तर सांगते. सहा रेघा काढायच्या, गिटारच्या सहा तारांच्या, आणि कुठली तार कुठल्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या कितव्या घरात, दाबायची तो आकडा त्या रेघेवर मांडायचा. बस. त्यात गाण्याचे शब्द नसतात, रेकॉर्डिंग नसतं, गायकाचा आवाज नसतो. तो कागद घेऊन दिवसभर बसलात तरी गाणं ऐकू येणार नाही, ते बोटांनी वाजवावं लागतं आणि त्यासाठी शिकावं लागतं. युरोपात ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवणारे पाचशे वर्षांपूर्वी असंच रेघांवर लिहून ठेवायचे.

आणि ही टॅब आम्ही कुणाच्या पुस्तकातून उतरवत नाही, कारण आमच्याकडच्या बहुतेक गाण्यांची अशी पुस्तकं आम्हाला कुठे मिळालीच नाहीत. कानाने ऐकून लिहितो. गाणं निम्म्या वेगावर लावायचं, चार सेकंदांचा तुकडा धरायचा, तोच तुकडा चाळीस वेळा ऐकायचा, मग गिटारवर शोधायचा. एकच सूर गिटारवर तीन-चार ठिकाणी सापडतो, मग वाजवणाऱ्याने नेमका कुठे दाबला असेल, पुढच्या सुराला बोट पोचेल अशी जागा कुठली, उघडी तार वाजलीय की दाबलेली, कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावलाय का, हे सगळं आवाजाच्या पोतावरून ओळखायचं. एका जुन्या गाण्याच्या सुरुवातीचा बावीस सेकंदांचा गिटारचा तुकडा उतरवायला मला तीन आठवडे लागले, कारण त्यात तार ओढून मींड घेतलीय आणि ती कुठून ओढलीय ते कळत नव्हतं. शेवटी मडगावला चर्चच्या कॉयरमध्ये वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या अंकलनी फोनवर वाजवून दाखवलं. ज्यांनी ते मूळ गाण्यात वाजवलं त्या माणसाचं नाव कॅसेटच्या कव्हरवर नव्हतं, कुठेच नव्हतं. आज त्या बावीस सेकंदांवर मालकी सांगणाऱ्या कंपनीला तरी ते नाव ठाऊक आहे का, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

माझी आई काजू फोडायची. काजूच्या तेलाने तिच्या बोटांची सालं निघायची, काळे डाग कायमचे. मला तिने त्या कामाला जाऊ दिलं नाही, शिकवलं, म्हणून मी ऑफिसात बसते आणि माझ्या बोटांना तारांचे घट्टे पडलेत. ते तिला दाखवले तेव्हा ती म्हणाली, हे बरे, हे दुखत नसतील. दुखतात साहेब, पण ते मी हौसेने घेतलेत. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे नऊ दिवस लाईट नव्हती, घराची कौलं उडाली, माडाचं झाड मागच्या पडवीवर आलं, तेव्हा मी मेणबत्ती लावून वहीत टॅब लिहीत बसायचे कारण डोकं दुसऱ्या कशात लागत नव्हतं. त्या वह्या अजून आहेत, पानं फुगलेली. त्यातलं सगळं नंतर एकेक ओळ टाईप केलं होतं. तेच आता नाहीये.

पैशाचं बोलायचं तर सर्व्हरचे वर्षाला ४,८०० रुपये माझ्या पगारातून जातात. बारा वर्षांत साठ हजारांच्या आसपास गेले असतील, पावत्या सगळ्या जपलेल्या नाहीत. एक जाहिरात लावली नाही. एक रुपया कुणाकडून घेतला नाही. लोकांनी देऊ केले, नाही घेतले.

आता तक्रारीकडे येते. त्या २१४ नावांची यादी मी रविवारी दिवसभर बसून तपासली. त्यात एकतीस गोष्टी पारंपरिक निघाल्या. ओव्या, शिमग्यातलं नमन, ख्रिसमसला आमच्याकडे घरोघर गातात ती जुनी गाणी, आणि समर्थ रामदासांची गणपतीची आरती. रामदास १६८१-८२ च्या सुमारास गेले! कायदा म्हणतो हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. कुठली कंपनी आहे ही जी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या आरतीवर हक्क सांगते? त्यांनी कधीतरी आरतीची एक रेकॉर्ड काढली असेल, ती रेकॉर्ड त्यांची, मान्य, पण आरती त्यांची कशी झाली? आणि तीन नावं तर मी स्वतः बनवलेल्या सरावाच्या धड्यांची. नवशिक्यांची बोटं सुटायला म्हणून लिहिलेले धडे. यादी माणसाने वाचलेली नाही साहेब, मशीनने नावं जुळवली आणि पाठवून दिली. सर्व्हरवाल्यांच्या मशीनने ती घेतली आणि बंद केलं. मधे माणूस नाहीच.

मी उत्तर द्यायला गेले. एक फॉर्म आला. हा फॉर्म अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे आहे, आणि त्यात सही करताना मला लिहून द्यावं लागतं की अमेरिकेतल्या फेडरल कोर्टाचा अधिकार मला मान्य आहे. मी वेंगुर्ल्यात. आमचं जिल्हा कोर्ट ओरोसला, तिथे जायचं तर एक दिवसाची रजा टाकावी लागते. आणि आरतीची टॅब परत मिळवायला मी अमेरिकेच्या कोर्टापुढे मान तुकवायची? माझा हात सही करायला धजावला नाही. भीती वाटली. घरात दोन मुलं आहेत, सासू आजारी आहे, उद्या काही लचांड मागे लागलं तर कोण निस्तरणार. समोरचा माणूस घाबरून गप्प बसेल हे या कंपन्यांना माहीत असतं, त्यावरच सगळं चाललंय.

कंपनीच्या वकिलाच्या मेलमध्ये आपल्या कायद्याचं कलम ६३ टाकलं होतं, सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. म्हणून मी १९५७ चा कॉपीराइट कायदा मोबाईलवर काढून वाचला, रात्री, डिक्शनरी उघडून. त्याच कलमात पुढे लिहिलंय की धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. ती ओळ वकिलाने गाळली. मुद्दाम गाळली असं मी म्हणते. कलम ६० सुद्धा आहे, उगाच धमकी दिली तर ज्याला धमकी दिली तो कोर्टात जाऊ शकतो. कोण जाणार? काजूच्या कारखान्यातली कारकून?

बरं, कायद्यात माझ्या विरुद्ध काय आहे तेही मी वाचलंय, लपवत नाही. कलम २(पी) मध्ये संगीतकृतीच्या व्याख्येत त्या संगीताचं लिहिलेलं रूप, म्हणजे नोटेशन, धरलेलं आहे. म्हणजे संगीतकाराच्या गाण्याची टॅब लिहिली की कंपनीला बोट दाखवता येतं. आणि संगीतकाराचा हक्क मला मान्यच आहे. २०१२ च्या दुरुस्तीत गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला तेव्हा मला आनंद झाला होता. मी परवानगी मागितलीय साहेब! अकरा मेल केलेत वेगवेगळ्या कंपन्यांना, की आम्हाला शिकण्यापुरती टॅब ठेवायचीय, काय पैसे होतील ते सांगा, आम्ही वर्गणी काढतो. एकाचं उत्तर आलं, त्यात एवढंच की हा विभाग आमच्याकडे नाही. दुकानच नाही आणि विकत का घेतलं नाही म्हणून शिक्षा.

अमेरिकेत हेच झालं होतं. तिथे १९९२ पासून लोकांनी टॅबचा मोठा संग्रह उभा केला होता, ऑनलाइन गिटार आर्काइव्ह, सगळे ओल्गा म्हणायचे. प्रकाशकांच्या संघटनांनी नोटीस पाठवली आणि २००६ मध्ये तो बंद पडला. पण त्यानंतर तिथे रस्ता निघाला, टॅबच्या मोठमोठ्या संग्रहांनी प्रकाशकांशी करार करून लायसन्स घेतली, त्यातल्या सर्वात मोठ्याने २०१० मध्ये. म्हणजे जमतं. आपल्याकडे एवढी वर्षं कुणी बसून विचारच केलेला नाही.

आणि वचन दिलं होतं! जानेवारीत जिल्ह्याच्या ठिकाणी कलाकारांच्या हक्कांवर कार्यक्रम झाला, मी रजा टाकून गेले, उभं राहून हाच प्रश्न विचारला. व्यासपीठावरचे मोठे साहेब म्हणाले, लेखी द्या, नव्वद दिवसांत उत्तर मिळेल. टाळ्या पडल्या. मी दुसऱ्या दिवशी रजिस्टरने पाठवलं, पोचपावती माझ्याकडे आहे. नव्वद झाले, दीडशे झाले, आता दोनशे दिवस होऊन गेले. तेव्हा कुणी दोन ओळी लिहिल्या असत्या तर मी आधीच काहीतरी हालचाल केली असती.

पंडित भातखंडे गावोगाव फिरले तेव्हा गायकांची घराणी आपल्या चिजा, म्हणजे बंदिशी, लपवून ठेवायची, बाहेरच्याला द्यायची नाहीत. त्यांनी त्या मिळवल्या, स्वरलिपीत लिहिल्या, छापल्या, आणि आज कुठल्याही गावातलं पोर ती पुस्तकं उघडून शिकतं. ते लिहिणं झालं नसतं तर किती चिजा त्या उस्तादांबरोबरच गेल्या असत्या. मी भातखंडे नाही. पण लिहून ठेवणं ही चोरी नाही हे मला त्यांच्यामुळे कळतं.

शाळेत संगीत नाही म्हणून हे सगळं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी अर्धवेळ शिक्षक हवा. आमच्या आसपासच्या शाळांत मी विचारलं, एकीतही गिटार सोडा, पेटी शिकवणारं कुणी नाही. गिटारचा क्लास लावायचा तर कुडाळ नाहीतर पणजी. मुंबई-गोवा हायवे २०११ पासून होतोय, अजून होतोय. पाऊस पडला की रेंज जाते, वारा आला की लाईट जाते. यातूनही पोरं शिकतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत ट्रॉलरवरची खलाशी पोरं घरी असतात, तेव्हा आमच्या टॅब सगळ्यात जास्त उघडल्या जातात, दरवर्षी. त्यांच्या हातात दुसरं काय द्यायचं ते सांगा ना तुम्ही. २०१६ मध्ये कॉपीराइटचा विषय शिक्षणाच्या खात्यातून काढून व्यापार-उद्योगाच्या खात्याला दिला. तेव्हा मला वाटलं कागदावरचा बदल आहे. आता कळतं, तुमच्याकडे गाणं हा माल आहे, आणि शिकणाऱ्या पोराला तुमच्या कागदावर रकानाच नाही. सगळ्या कायद्यांचं असंच झालंय, ज्याच्याकडे वकील आहे त्याच्यासाठी कलमं आणि ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी नोटीस.

मागणं फार नाही. कलम ५२ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थ्याला शिकवण्याच्या ओघात प्रत करायची सूट आहे, २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने फोटोकॉपीच्या प्रकरणात तिचा अर्थही मोठा केला. तीच सूट कानाने ऐकून, पैसे न घेता, शिकण्यासाठी लिहिलेल्या नोटेशनला स्पष्ट शब्दांत द्या. द्यायची नसेल तर मग एक खिडकी उघडा जिथे आमच्यासारख्यांना वाजवी वर्गणी भरून लायसन्स मिळेल. आणि त्याच कलमात २१ दिवसांची सोय आहे, तक्रारदाराने तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही तर बंद केलेलं परत चालू करता येतं. ती भारतात धंदा करणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांना सक्तीची करा, आणि उत्तराचा फॉर्म मराठीत, इथल्या कोर्टाच्या नावाने. खोटी यादी पाठवणाऱ्याला दंड लावा. आरतीवर हक्क सांगणाऱ्याला तर लावाच.

काल मालवणहून एका खलाशी पोराचा फोन आला होता, "ताई, ती टॅब खंय गेली? गणपतीत वाजवूची होती." सोळा वर्षांचं पोर, वर्षभर त्या एका तुकड्यामागे लागलेलं. त्याला काय सांगू? मी फुगलेली वही काढली, त्यातून ती टॅब पुन्हा हाताने कागदावर उतरवली, फोटो नाही काढला, कारण फोटो पाठवणं गुन्हा आहे का नाही हेच मला आता कळत नाही. कागद पाकिटात घालून आज सकाळी पोस्टात टाकलाय. यालाही नोटीस येणार असेल तर तेवढं मात्र आधी कळवा. उत्तर मराठीत पाठवा.

आपली,
वेंगुर्ल्यातली एक टॅब लिहिणारी

ता. क. जानेवारीतल्या अर्जाची पोचपावती जपून ठेवलीय. साहेबांना अर्ज सापडत नसेल तर झेरॉक्स पुन्हा पाठवते.