दार किती उघडतं तेही सांगा

रविवारच्या पुरवणीत फॅमिली कार कशी निवडावी हा लेख वाचला, मायलेज, सनरूफ, टचस्क्रीन सगळं आलं पण दार किती उघडतं हे कुठेच नाही. आमची मुलगी नऊ वर्षांची, चालत नाही, उंच एसयूव्हीत तिला उचलून ठेवताना आधी आपली कंबर जाते आणि मग तिचं डोकं दाराच्या वरच्या कडेला आपटतं. सीट साधारण व्हीलचेअरच्याच उंचीची असली तर सरकवून बसवता येतं. सरकतं दार असेल तर उत्तमच, शेजारी गाडी चिकटून उभी असली तरी पूर्ण उघडतं. आणि डिकीचे नुसते लिटर छापून काय उपयोग, घडी केलेली व्हीलचेअर शोरूममध्येच आत घालून बघावी, आम्ही बघितली नाही, आता व्हीलचेअर पुढच्या सीटवर बसते नि मी मागे.

— एक पालक