काकूच्या पासबुकातले साडेपाच महिने

मुलुंड, मुंबई
रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वहिनीने असं कसं केलं गं?" मी गाडीत होते, विक्रोळी-कांजूरच्या मध्ये गर्दीत उभी, आणि मला काही बोलता आलं नाही. घरी आल्यावरही तुमचा तो आवाज डोक्यातून जाईना. गावात काय पोचलंय ते मला कळलं. भाऊकाका गेल्यावरही काकू त्यांची पेन्शन उचलत राहिली, आणि सरकारने आता वसुली लावली. ज्याने हे सांगितलं त्याने अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं फोनवर मावणार नाही म्हणून लिहायला बसले आहे. आई, तूही शेजारी बसून ऐक, कारण यातलं बरंचसं तुझ्यासाठी आहे.

काका गेल्या वर्षी १२ जूनला गेले. परळला महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून मृत्यू दाखला काढला, त्याच्या दहा प्रती घेतल्या. गॅस, वीज, रेशन कार्ड, सगळीकडे एकेक दिली. पेन्शनचं मात्र कुणाच्या मनातच आलं नाही. महापालिकेत नोंद झाली म्हणजे सरकारला कळलं, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं. काकांच्या मुलाने, आपल्या दादानेही, आणि मीही. ही चूक काकूच्या एकटीच्या माथी मारू नका. शिकलेसवरलेले आम्ही दोघं तिथे होतो.

आता काकूकडून काय झालं ते सांगते. भिंतीवरच्या कालनिर्णयवर काका दर महिन्याला पेन्शन जमा झाली की त्या तारखेला पेन्सिलने बारीक 'पे' लिहायचे. ते गेल्यावर जूनअखेर मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. काकूने शेजारच्या मुलाकडून तो वाचून घेतला आणि स्वतःच्या हाताने त्या तारखेवर 'पे' लिहिलं. मग जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. ती पानं मी पाहिली आहेत. काकांचा 'पे' तिरका आणि झरझर लिहिलेला, काकूचा उभा, पेन्सिल दाबून काढलेला. तिला वाटत होतं की हीच फॅमिली पेन्शन. "ते म्हणायचे ना, माझ्यामागे तुला मिळेल, तेच आलं असं मी समजले," एवढंच ती म्हणते. आकडा तोच कसा, हा प्रश्न तिला पडला नाही, कारण आकडा तिला कधी ठाऊकच नव्हता. महिन्याला घरखर्चाचे हातात पडत तेवढेच तिचे. त्या पैशांतून हॉस्पिटलची उरलेली उधारी फिटली, दिवसकार्य झालं, खोलीचं गळतं छप्पर झालं. एक रुपया चैनीत गेला नाही.

नोव्हेंबरचा हयातीचा दाखला अर्थातच गेला नाही आणि पैसे थांबले. जानेवारीत सरकारचं पत्र आलं: मयत निवृत्तिवेतनधारकाच्या खात्यात जमा झालेले १,६७,४०० रुपये तात्काळ भरावेत. खात्यावर होल्ड लागला होता, म्हणजे त्यातून पैसे काढता येत नव्हते. मी करी रोडला तिच्या घरी पोचले तेव्हा काकू देवासमोर बसली होती. पुढ्यात हातरुमालात बांधलेल्या तिच्या बांगड्या. "सोनाराकडे चल," म्हणाली. "त्यांच्या नावावर चोरीचा डाग नको." बाबा, अशी ही बाई. तिच्याबद्दल गावात कुणी काही बोललं तर तुम्ही तिथल्या तिथे थांबवा, माझं एवढं ऐका.

आता नियम, कारण तुम्ही नियमाला मानणारे.

पेन्शन माणसाच्या हयातीपुरती, मृत्यूचा दिवस धरून. त्यानंतर जमा झालेला पैसा आपला नाही आणि तो परत जायलाच हवा, यावर माझं काहीच म्हणणं नाही. पेन्शन सुरू होतानाच बँकेला हमीपत्र दिलेलं असतं की जादा जमा झालं तर ते वळतं करून घ्यावं. नवरा-बायकोच्या जॉइंट खात्यात पेन्शन घेता येते. त्याच्या अटींत मात्र स्पष्ट आहे की मृत्यू एका महिन्याच्या आत बँकेला कळवायचा, आणि चुकून जमा झालेली रक्कम त्या खात्यातून किंवा जोडीदाराच्या दुसऱ्या खात्यातूनही वसूल होऊ शकते. म्हणून होल्ड लागला त्यात बेकायदा काही नव्हतं.

पण त्याच नियमांची दुसरी बाजू पत्रात कुठेच नव्हती. ज्या दिवशी काकांची पेन्शन संपली, त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून काकूची फॅमिली पेन्शन सुरू होते. अर्ज उशिरा केला म्हणून तो हक्क बुडत नाही. म्हणजे ज्या साडेपाच महिन्यांचे पैसे परत मागत होते, त्याच साडेपाच महिन्यांचे काकूचेही पैसे सरकारकडे होते. हे मला ट्रंक उघडल्यावर समजलं. काकांचा पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा मूळ आदेश, प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर बँड. त्यात दोघांचा जोडीचा फोटो, काकांनी टाय लावलेला, काकू घाबरून कॅमेऱ्याकडे बघणारी. तिचं नाव तिथे कुटुंब म्हणून नोंदलेलं होतं. तो कागद हातात आल्यावर माझी भीती गेली.

मी एका रविवारी पासबुक घेऊन हिशेब मांडला. काकांची पेन्शन भत्त्यासकट २७,९००. फॅमिली पेन्शन १६,७४०, कारण ती शेवटच्या पगाराच्या तीस टक्के आणि पेन्शन निम्म्या पगाराएवढी. आणि पत्रातला आकडा जुळवताना लक्षात आलं की त्यांनी जून महिना पूर्ण धरलाय. बाबा, १ ते १२ जून काका होते. बारा तारखेला सकाळी त्यांनी माझ्या हातून दोन चमचे पेज घेतली. ते बारा दिवस त्यांचे होते, त्या बारा दिवसांचे ११,१६० रुपयेही त्यांचेच. मला रकमेपेक्षा त्या दिवसांचं वाईट वाटलं. मी अर्जात पहिला मुद्दा तोच लिहिला.

खरी जादा रक्कम निघाली १,५६,२४०. त्याच काळातली काकूची फॅमिली पेन्शन ९३,७४४. फरक ६२,४९६. आणि डिसेंबरपासून तर तिला काहीच मिळत नव्हतं, ते वेगळंच. आम्ही लेखी मागितलं ते इतकंच: महिनावार हिशेब द्या, जून दुरुस्त करा, फॅमिली पेन्शन मंजूर करून तिच्या थकबाकीतून वळतं करा, आणि तोवर म्हाताऱ्या बाईच्या औषधपाण्यापुरता होल्ड सैल करा. सोबत मृत्यू दाखला, पीपीओची प्रत, पासबुकाची पानं. पीपीओवर काकूचं सासरचं नाव आणि आधारवर माहेरचं, म्हणून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. त्यात तीन आठवडे गेले. पेन्शनच्या ऑफिसात टेबलावरचे गृहस्थ आधी म्हणाले, "पहिले पैसे भरा, मग बघू." मी भांडले नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला आणि म्हटलं, हेच मला लेखी द्या. त्यानंतर सूर बदलला. तोंडी बोलण्याला तिथे किंमत नाही, पोचेला आहे.

एप्रिलमध्ये आदेश आला. मार्चअखेरपर्यंतच्या चार महिन्यांचे ६६,९६० काकूला देणं, ६२,४९६ तिच्याकडून घेणं. जिच्याकडे जानेवारीत पावणेदोन लाखांच्या आसपास मागितले होते, तिच्या खात्यात सरकारनेच ४,४६४ रुपये टाकले. महागाई भत्त्याचा फरक निघेल तो नंतर. दमडीही न बुडवता सगळं परत गेलं, आणि बांगड्या तिच्या हातात आहेत. कुणी विचारलं तर हे आकडे सांगा.

या सगळ्यात दादाला कुणीतरी घाबरवलं होतं की तुझ्या पगारातून कापतील. कायद्याने वडिलांच्या देण्याला वारस जबाबदार असतो, पण वडिलांकडून त्याच्या हाती जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरताच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५०व्या कलमात ते आहे. दुसऱ्याने उलट टोक गाठलं, "सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, पेन्शनरकडून वसुली करताच येत नाही, एक पैसा देऊ नका." तो निकाल मी वाचला. १८ डिसेंबर २०१४चा, पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह. तो वेगळ्या गोष्टीचा आहे: ऑफिसच्या चुकीने माणसाला हयातीत जादा दिलं गेलं, त्याने काही लपवलं नव्हतं, अशा वेळी तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्याकडून, निवृत्त झालेल्याकडून किंवा पाच वर्षांहून जास्त काळाची वसुली करू नये. मृत्यूनंतर जमा झालेल्या पैशाला तो लावून भांडत बसलो असतो तर काकूची फॅमिली पेन्शन अजून अडकली असती.

पण बाबा, तुमच्यासाठी तो निकाल कामाचा आहे. तुमची वेतननिश्चिती दोनदा बदलली होती, पडताळणीच्या वेळी तुम्ही किती हेलपाटे मारलेत ते मला आठवतं. उद्या एवढ्या वर्षांनी 'तुम्हाला जादा दिलं गेलं' असं पत्र आलं तर मुकाट्याने चेक फाडू नका. मला फोटो पाठवा. पगार वाढताना तुम्ही जादा रक्कम परत करण्याचं हमीपत्र दिलं होतं का, तेही आठवून ठेवा, कारण २०१६ सालच्या दुसऱ्या एका निकालात त्याच हमीपत्रावरून वसुली कायम झाली होती.

आणि फोनवर कुणीही 'पेन्शन ऑफिसमधून बोलतोय' म्हणून पैसे किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवा. फेब्रुवारीत काकूला असा फोन आला होता. काका गेलेत हे त्याला ठाऊक होतं, त्यामुळे ती पार गळून गेली. नशीब, शेजारचा मुलगा घरात होता. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला कळवायचं असतं, तो नंबर फोनजवळ लिहून ठेवा.

आई, आता तुझं. मला ठाऊक आहे, तू म्हणशील, "असलं अभद्र बोलू नकोस." मागे एकदा गणपतीत मी पेन्शनचा विषय काढला तर तू उठून चहा ठेवायला गेलीस आणि बाबांनी पेपर उघडला. काकूही अशीच उठून जायची. काका सांगायला बसले की म्हणायची, "तुमच्याआधी मी जाणार, मला कशाला?" आणि मग सत्तरी उलटून गेल्यावर ती एकटी एटीएमच्या रांगेत उभी राहायला लागली, आणि आपण काही गुन्हा करतोय याची तिला कल्पनाही नव्हती. बाबांना महिन्याला किती येतात ते तुला ठाऊक नाही, मलाही नाही. पुढेमागे तुला मिळायचे ते किती, हा आकडा तुझ्या तोंडात असायला हवा.

गणपतीला चतुर्थीच्या आदल्या दिवशी रात्रीच्या गाडीने निघते. बाबा, पीपीओ शोधून ठेवा, त्यावर आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते माझ्यासमोर बघू. जुळत नसेल तर ते काम तुमच्या सहीने आत्ता एका अर्जात होईल, माझ्यासारखे तीन आठवडे जाणार नाहीत. पासबुकात खातं दोघांच्या नावे आहे का, तेही. ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बँक उघडी असेल, तेव्हा आईला घेऊन देवरुखला जाऊ. आई, तू यायचंच आहेस, स्वयंपाकाचं मी बघते.

काकूही येतेय माझ्याबरोबर. काकांशिवाय गावच्या गणपतीला ती पहिल्यांदाच येणार, गेल्या वर्षी दुखवट्यामुळे ती आलीच नाही. बाबा, तुम्ही स्टँडवर घ्यायला या, दुसऱ्या कुणाला पाठवू नका. तुम्ही स्वतः तिची पिशवी हातात घेतलेली मला पाहायची आहे.

तुमची,
मनू